मोरवेलीच्या जाती वेगळ्या करताना फुलाआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न नीट वाचला. पांढऱ्या फुलांच्या तीन रानवेलींचे फोटो टाकलेत, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या, तिन्ही क्लेमॅटिस म्हणजे आपली मोरवेल इतपत ठरलंय पण पुढे सगळा गोंधळ आहे. अ‍ॅप तिन्हींना क्लेमॅटिस व्हिटाल्बा म्हणतंय, एकाने गौरियाना सांगितलं, दुसऱ्याने हेनेई (ही तिन्ही क्लेमॅटिसच्याच जातींची नावं), आणि तुमचा सरळ सवाल असा की पाकळ्या चार का पाच यावरून जात ठरते का, नसेल ठरत तर खात्रीची खूण कुठली.

पाकळ्यांवरून नाही ठरत. आणि खात्रीची अशी एकच खूणही नाही, तीन-चार खुणा एकत्र जुळल्या की नाव पक्कं होतं. त्या तीन-चार कुठल्या हे वेल कुठे दिसली आणि कधी दिसली यावर पुष्कळ अवलंबून आहे, आणि तुम्ही जागा आणि महिना दोन्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नुसतं नाव सांगून मी मोकळी होऊ शकत नाही. पण बघायचं कसं ते सविस्तर लिहिते. मी वनस्पतींच्या सर्वेक्षणाचं काम करते, या वेली बरीच वर्षं हाताळल्यात, आणि खाली लिहिलंय तो क्रम मी स्वतः रानात वापरते तोच आहे.

आधी पाकळ्यांचं. मोरवेलीच्या फुलात ज्या पांढऱ्या पाकळ्या म्हणून आपण मोजतो ती खरं तर निदलं आहेत, म्हणजे बाकीच्या फुलांत पाकळ्यांच्या बाहेर जो हिरवा भाग असतो तोच इथे रंगीत होऊन पाकळ्यांचं काम करतो. बहुतेक जातींत ती चार असतात, पण त्याच वेलीवर एखादं फूल पाच निदलांचं, एखादं सहांचं सहज निघतं, हेनेईमध्ये तर चार ते सहा हे नेहमीचंच. त्यामुळे मोजून फार काही हाती लागत नाही. रंगाचंही तसंच. जगात क्लेमॅटिसच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यातल्या भरपूर जातींची फुलं पांढरी किंवा मळकट पांढरी, चार टोकांची, मधे पुंकेसरांचा झुबका अशीच असतात, युरोपपासून जपानपर्यंत. म्हणजे समोरून काढलेला फुलाचा फोटो, जो आपण सगळेच पहिला काढतो कारण तो सुंदर दिसतो, त्यात जात ओळखायला लागणारी माहिती सगळ्यात कमी असते. अ‍ॅप चुकतंय ते त्यामुळेच. ते फोटोंवरून शिकतं, युरोपातल्या व्हिटाल्बाचे फोटो जगात ढिगाने आहेत, मग पांढरं फूल आणि पिसासारखं फळ दिसलं की ते तिकडेच झुकतं.

आता माझा क्रम.

सगळ्यात आधी ही क्लेमॅटिसच आहे ना हे बघते. पानं समोरासमोर असायला हवीत, म्हणजे प्रत्येक पेरावर दोन, आणि वेल चढते ती पानाच्या देठाने, देठच काडीला वेढा घालतो. पानाच्या टोकाशी खरा ताणा दिसला, म्हणजे दोन पर्णिका (एका पानाचे सुटे सुटे, छोट्या पानांसारखे भाग) आणि तिसरीच्या जागी स्प्रिंगसारखा दोरा, तर ती नारावेलिया, झायलॅनिका नावाची. तिच्या फुलात आतल्या बाजूला अरुंद, पट्टीसारख्या हिरवट पिवळ्या पाकळ्याही असतात. आता तिलासुद्धा क्लेमॅटिसमध्येच घेतात, त्यामुळे नवीन यादीत क्लेमॅटिस झायलॅनिका दिसलं तर दचकू नका. गंमत म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ साली ही वेल आणि आल्प्स पर्वतातली निळ्या फुलांची अल्पिना या दोघींना क्लेमॅटिसमध्ये न घालता अ‍ॅट्रॅजीन नावाच्या वेगळ्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या वेगळ्या गटात, ठेवलं होतं, कारण दोघींच्या फुलात पाकळ्यांसारखे जादा भाग आहेत. आज दोघी परत क्लेमॅटिसमध्ये आल्यात. म्हणजे फुलातल्या एकाच ठळक गोष्टीवर विसंबून राहिलं तर लिनियसच्या पातळीवरही गट बदलावे लागतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट मी बघते ती फूल निघालंय कुठून. हे फोटोत क्वचितच येतं आणि अर्धं काम यानेच होतं. काही जातींची फुलं गेल्या वर्षीच्या जुन्या लाकडावरच्या कळीतून, पानांच्या जुडग्यासोबत, एकेका लांब देठावर एकेक अशी येतात. काहींची फुलं या वर्षीच्या कोवळ्या वाढीवर, पानाच्या बगलेतून किंवा शेंड्याला, फांद्याफांद्यांच्या मोठ्या फुलोऱ्यात येतात. हिमालयात मोंटाना आणि ग्राटा या दोन पांढऱ्या फुलांच्या वेली लोक नेहमी एकमेकींत मिसळतात, पण फांदी जरा मागेपर्यंत बघितली तर प्रश्नच उरत नाही. मोंटाना जुन्या लाकडावर, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत फुलते, फुलं मोठी आणि एकेका देठावर, पानाला तीन पर्णिका. ग्राटा पावसाळ्यात आणि त्याच्या नंतर फुलते, लहान लहान फुलांचे भरगच्च फुलोरे, बहुतेक पानांना पाच पर्णिका. याच वेळी फुलाच्या देठावर छद, म्हणजे पानासारखे छोटे भाग, आहेत का तेही बघून घ्यायचं. भूमध्य सागराकडची सिऱ्होसा आणि हिमालयातली नेपालेन्सिस या दोघी थंडीत फुलतात आणि दोघींत फुलाच्या देठावर दोन छद जोडून झालेली छोटी वाटी असते, ती वाटी एकदा दिसली की बाकीच्या शेकडो जाती यादीतून बाद.

तिसरी गोष्ट पुंकेसर, आणि इथे मी जरा रेंगाळते कारण इथे लोक बघतच नाहीत. एक ताजं फूल घ्या, उलटं करा. निदलांच्या पाठीवर लव आहे का, सगळीकडे आहे का फक्त कडेला पांढरी किनार आहे, हे आधी बघा. मग निदलं एकेक करून काढून टाका, हाताने निघतात. आता उरतो तो पुंकेसरांचा झुबका, त्यातला एक पुंकेसर चिमट्याने किंवा नखाने धरून मुळापासून ओढा आणि काळ्या कागदावर ठेवा. दहापट भिंग पुरतं, नसेल तर मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्सही चालेल. खालचा तंतू गुळगुळीत आहे का त्याच्यावर केस आहेत, तंतू दोऱ्यासारखा बारीक आहे का खाली पसरट होत गेलाय, आणि वरचा परागकोश तंतूच्या मानाने आखूड आहे का लांब, या तीन गोष्टी टिपून ठेवा. जात ओळखायच्या जवळजवळ प्रत्येक किल्लीत, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या प्रश्नावलीत, या तीनपैकी एक तरी विचारलेली असते, आणि फोटोवरून त्या कळत नाहीत म्हणूनच फोटोवरच्या चर्चा संपत नाहीत. शेवटी झुबका पूर्ण काढा आणि मधे स्त्रीकेसर आहेत का बघा. काही जातींत नर फुलं एका वेलीवर आणि मादी फुलं दुसऱ्या वेलीवर असतात, मादी फुलात पुंकेसर असले तरी ते नुसते नावाला, पराग नसलेले. ही गोष्ट पुढे अमेरिकन वेलींच्या वेळी लागणार आहे.

हे करताना एक काळजी घ्या. या वेलींचा रस कातडीला झोंबतो, चुरगळलेली पानं हातावर जास्त वेळ राहिली तर फोड येऊ शकतात, आणि वास घ्यायला चुरगळलेलं पान नाकाशी नेऊ नका, नाका-डोळ्यांची आग होते. युरोपात भिकारी लोक व्हिटाल्बाचा रस अंगाला लावून मुद्दाम जखमा करून घ्यायचे, एवढा तो तीव्र आहे. काम झालं की हात धुवा, डोळ्यांना तर अजिबात लावू नका.

चौथी गोष्ट पान. पान हा सगळ्यात उपयोगी भाग आहे आणि सगळ्यात फसवाही. उपयोगी यासाठी की पर्णिका किती, कडा दातेरी का अखंड, खालून लव आहे का नाही, पान पातळ का चामड्यासारखं, शिरा तळापासून किती निघतात, हे सगळं साध्या डोळ्यांना दिसतं. फसवा यासाठी की एकाच वेलीवर पानं बदलत जातात. जमिनीलगतच्या कोवळ्या फुटव्यांची पानं मोठी, जास्त कातरलेली, कधी भलत्याच आकाराची असतात, मधली पानं नमुनेदार, आणि फुलोऱ्याजवळ जाल तशी ती लहान आणि साधी होत जातात, पाच पर्णिकांच्या तीन होतात, तीनाची एक होते. सावलीतली पानं पातळ आणि रुंद, उन्हातली जाड. म्हणून माझा नियम असा की पान बघायचं ते फुलणाऱ्या फांदीवरचं, फुलोऱ्याच्या खालच्या दोन-तीन पेरांवरचं, आणि एक नाही, निदान तीन-चार वेगवेगळी. नुसत्या फुटव्याच्या पानावरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही जाणकार असो.

पाचवी गोष्ट फळ, आणि फळासाठी थांबायची तयारी हवी. मोरवेलीच्या प्रत्येक फुलातून लहान लहान फळांचा घोस होतो, प्रत्येकात एकच बी आणि टोकाला एक शेपटी, ती शेपटी म्हणजे फुलातला कुक्षीवृंतच, स्त्रीकेसराचा वरचा दांड्यासारखा भाग, लांबलेला असतो. बहुतेक जातींत शेपटीवर लांब रेशमी केस असतात आणि ती पिसासारखी दिसते, पण सगळ्यांत नाही. युरोपातली जांभळ्या फुलांची व्हिटिसेला घ्या, तिच्या फळाची शेपटी आखूड आणि जवळजवळ बिनकेसांची. फळांची संख्या, फळ चपटं आहे का, कडेला जाड काठ आहे का, अंगावर लव आहे का, हेही सगळं बघायचं.

म्हणजे थोडक्यात, फुलाचा उगम, निदलांची पाठ, पुंकेसर, फुलणाऱ्या फांदीवरची पानं, आणि जमलं तर फळ. आता हे वापरून जातींच्या ज्या जोड्या लोकांना छळतात त्यांच्याकडे येते, म्हणजे तुमचे तीन फोटो कुठे बसतात ते बघता येईल.

तुमच्या वेली जर सह्याद्रीतल्या किंवा दख्खनमधल्या असतील तर मुख्य प्रश्न तिघींचा आहे, हेनेई, गौरियाना आणि हेडिसॅरिफोलिया. तिघींनाही लोक मोरवेलच म्हणतात, हेनेईला रानजाईसुद्धा म्हणतात, त्यामुळे गावातल्या माणसाने मोरवेल सांगितलं तर ते बरोबरच असतं पण जात कळत नाही. हेनेई ओळखायला सोपी. जुन्या पुस्तकांत ती ट्रायलोबा नावाने सापडेल आणि ते नाव पानावरूनच आहे, पान किंवा पर्णिका तीन खंडांत कातरलेली, आणि सगळ्या वेलीवर रेशमी लव, कोवळ्या शेंड्याला बोट लावलं की मऊ लागतं. फुलं ऐसपैस, तीन-चार सेंटीमीटरची, शुभ्र पांढरी, पाऊस संपत आला की फुलायला लागते आणि उघड्या उतारांवर, झुडपांवर, कुंपणांवर पसरलेली दिसते. ही द्वीपकल्पीय भारतातच सापडणारी जात आहे, म्हणून कोणी तुमच्या युरोपातल्या किंवा अगदी हिमालयातल्या फोटोला हेनेई म्हणालं तर तिथेच थांबवा.

गौरियाना पूर्ण वेगळ्या बांध्याची. पान पाच किंवा सात पर्णिकांचं, कधी कधी दोनदा विभागलेलं, पर्णिका टोकदार, कडा अखंड किंवा तुरळक दात्यांच्या. फुलं लहान, एक-दीड सेंटीमीटरची, हिरवट किंवा पिवळट झाक असलेली पांढरी, पण फुलोरे एवढे मोठे की पूर्ण झाड झाकून जातं. फुलते हेनेईच्या नंतर, थंडीत, आणि जंगलाच्या कडेला झाडांवर उंच चढते. हेनेई आणि गौरियाना शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणी चुकणार नाही, गोंधळ होतो तो फोटोत आकाराचा अंदाज येत नाही म्हणून, झूम केलेलं गौरियानाचं फूल हेनेईएवढंच मोठं दिसतं. एवढ्यासाठी फुलाशेजारी बोट किंवा पट्टी ठेवून एक फोटो काढायचाच, तो दिसायला चांगला नसतो पण कामाचा तोच असतो.

हेडिसॅरिफोलिया मात्र गौरियानाशी घोळ घालते, कारण तिचीही फुलं लहानसर, मळकट पांढरी आणि मोठ्या फुलोऱ्यात असतात आणि हंगामही जवळजवळ तोच. इथे पर्णिका मोजा. हेडिसॅरिफोलियात नेमाने तीन पर्णिका, जाडसर, चामड्यासारख्या, लांब टोकाच्या, तळापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघालेल्या. गौरियानाचं फुलोऱ्याजवळचं पानही तीन पर्णिकांचं असू शकतं हे वर सांगितलंच, म्हणून खाली उतरून मधली पानं बघायची, तिथे पाच-सात पर्णिका दिसल्या तर गौरियाना. पानाचा जाडपणा हाताला लगेच कळतो, फोटोत नाही कळत. या भागात आणखी दोन वेली आहेत. वायटियानाच्या पानांवर, विशेषतः खालून, दाट लोकरी लव असते. आणि स्मायलॅसिफोलिया, तिचं पान साधं, अखंड, मोठं, हृदयाकृती आणि जाड शिरांचं, फुलाची निदलं बाहेरून तपकिरी मखमली आणि आतून गडद जांभळी, मागे वळलेली. तिला कोणी पांढऱ्या मोरवेलीत मिसळणार नाही, पण नुसती पानं दिसली तर ती क्लेमॅटिस आहे हेच लोकांना पटत नाही, तेव्हा पानं समोरासमोर आहेत का आणि देठ वेढा घालतोय का बघा.

तुमच्या वेली जर युरोप किंवा अमेरिकेतल्या असतील, जे अशक्य नाही कारण तुम्ही वेगवेगळी ठिकाणं म्हणालात, तर प्रश्न वेगळा होतो आणि जास्त महत्त्वाचाही, कारण तिथे चुकीच्या नावावरून माणसं चुकीची वेल उपटतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडे व्हर्जिनियाना ही तिथली मूळची वेल आहे आणि टर्निफ्लोरा पूर्व आशियातून, चीन-जपानकडून बागांसाठी नेलेली, आता रानात पसरून त्रास देणारी. दोघींची पांढरी फुलं, दोघींचे भरगच्च फुलोरे, दोघी उन्हाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या, टर्निफ्लोरा जरा उशिरापर्यंत. पहिली खूण पानाची, व्हर्जिनियानाच्या पर्णिका तीन आणि कडा ठळक दातेरी, टर्निफ्लोराच्या बहुतेक पाच, कधी तीन, आणि कडा अखंड. बऱ्याच लोकांचं काम इथेच होतं. पण व्हर्जिनियानाच्या काही पर्णिकांना दातेच नसतात, आणि टर्निफ्लोराचं कोवळं पान कधी कातरलेलं निघतं, तेव्हा फूल उघडून बघायलाच लागतं. व्हर्जिनियानात नर आणि मादी वेली वेगळ्या, त्यामुळे एका फुलात एक तर फक्त पुंकेसरच किंवा मधे स्त्रीकेसरांचा गुच्छ आणि बाजूला वांझ पुंकेसर. टर्निफ्लोराच्या फुलात साधारणपणे दोन्ही, चांगले पराग असलेले पुंकेसर आणि मधे थोडेसेच स्त्रीकेसर. परागकोशही लांबट, व्हर्जिनियानाचे आखूड. फळं आली की आणखी सोपं, टर्निफ्लोराच्या घोसात फळं थोडी, मोठी आणि चपटी, व्हर्जिनियानाच्या घोसात पुष्कळ आणि बारीक. माझं कळकळीचं सांगणं आहे की तिकडे कोणी आक्रमक वेल काढायची मोहीम घेत असेल तर किमान एका वेलीवर पान आणि फूल या दोन्ही खुणा तपासल्याशिवाय कोयता लावू नये. मूळची वेल एकदा मुळासकट काढली की तिच्या फुलांवर येणारे कीटक आणि त्या जागेचं सगळं गणित बिघडतं, आणि ती जागा बरेचदा दुसरी आक्रमक वेल घेते.

व्हिटाल्बा, जिचं नाव तुमचं अ‍ॅप सारखं देतंय, ती युरोपातली. पान पिसासारखं विभागलेलं, बहुतेक पाच पर्णिकांचं, कडा कधी दातेरी कधी अखंड, त्यामुळे नुसत्या कडेवर तिचं काही ठरत नाही. निदलं दोन्ही बाजूंनी लवदार, हिरवट पांढरी, फुलात नर आणि मादी दोन्ही भाग, परागकोश आखूड, जुनं खोड जाड, उभ्या ठळक खोबणी असलेलं. दक्षिण युरोपात तिच्या शेजारी फ्लॅम्युला वाढते, तिची निदलं वरून गुळगुळीत आणि स्वच्छ पांढरी, फुलांना गोड दाट सुगंध, पान दोनदा विभागलेलं आणि पर्णिका बारीक. फूल उलटंसुलटं करून भिंगाखाली वरची बाजू बघितली की दोघी वेगळ्या होतात. न्यूझीलंडमध्ये हीच व्हिटाल्बा तिथल्या जंगलावर चढून झाडं गुदमरवते, म्हणजे एकाच जातीकडे एका देशात रानाचा भाग म्हणून बघायचं आणि दुसरीकडे शत्रू म्हणून. आणि गौरियानाशी तिचं साम्य खरंच जवळचं आहे, दोघी एकाच गटातल्या, म्हणून या जोडीत मी वेल कुठे उगवली याला सगळ्यात जास्त वजन देते. भारताच्या रानात मूळची वाढणारी असेल तर व्हिटाल्बा हे उत्तर मी बाजूला ठेवीन.

घंटेसारख्या फुलांच्या जातींचा तुमच्या फोटोंशी संबंध नाही, तरी दोन जोड्या सांगते कारण त्यांतून पान आणि फळ किती कामाचं असतं ते कळतं. हिमालयात कोनाटा आणि बुकॅननियाना, दोघींची फिकट पिवळी, लोंबणारी, लांबट फुलं, फोटोत हुबेहूब. पेराकडे बघा. कोनाटात समोरासमोरच्या दोन पानांचे देठ तळाशी रुंद होऊन एकमेकांना चिकटतात आणि खोडाभोवती चकती तयार होते, शिवाय वेल बरीचशी गुळगुळीत असते. बुकॅननियाना सगळी लवदार, निदलांच्या पाठीवर दाट मऊ लव आणि उभ्या रेघा. फुलाकडे बघत बसाल तर अर्धा दिवस जाईल, पेर बघितलं तर निकाल लगेच. दुसरी जोडी उत्तर अमेरिकेतली, पिचेराय आणि रेटिक्युलाटा. दोघींची जांभळट, सुरईसारखी फुलं, दोघींच्या पानांवर शिरांची ठळक जाळी. इथे फुलांवर आणि पानांवर वाद घालण्यात अर्थ नाही, फळाची शेपटी बघायची, रेटिक्युलाटाची पिसासारखी केसाळ, पिचेरायची बिनकेसांची किंवा अंगाला चिकटलेल्या बारीक लवेची. फळ नसेल तर अशा वेलीला मी दोन्ही नावं लिहून ठेवते आणि फळाच्या हंगामात परत जाते. नाव अर्धवट ठेवणं कमीपणाचं वाटून घेऊ नका, चुकीचं नाव नोंदवण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

पिवळ्या फुलांच्या ओरिएंटालिस, टिबेटाना, टँग्युटिका वगैरेंचा गट मी इथे उघडत नाही, त्यात निदलांची आतली बाजू लवदार का गुळगुळीत आणि निदलं किती जाड इथपर्यंत जावं लागतं, आणि बागेत त्यांचे संकर इतके झालेत की बागेतून पळालेली वेल असेल तर शुद्ध जातीचं नाव लावणंच धाडसाचं. कोणाला हवं असेल तर वेगळा प्रश्न टाका.

आता तुमचे फोटो. पहिल्यात पान तीन खंडी आहे आणि कोवळ्या शेंड्यावर लव चमकताना दिसते, फूल पाच निदलांचं आहे. दख्खनमधली असेल तर ती हेनेई, मला फारशी शंका नाही, आणि ज्यांनी हेनेई सांगितलं ते बहुधा या फोटोबद्दल बोलत असावेत. दुसऱ्यात फुलोरा मोठा, फुलं लहान, एका पानाच्या पाच पर्णिका स्पष्ट मोजता येतात आणि कडा जवळजवळ अखंड, भारतातली असेल तर गौरियाना म्हणेन, युरोपातली असेल तर व्हिटाल्बा, जपान-चीनकडची किंवा अमेरिकेच्या पूर्वेकडची असेल तर टर्निफ्लोरा आधी तपासायला हवी. बघा, एकाच फोटोला जागेनुसार तीन नावं, म्हणून जागा विचारतेय. म्हणजे तुम्हाला उत्तर देणारे दोघेही आपापल्या फोटोपुरते बरोबर असण्याची शक्यता आहे, तीन वेलींना एकच नाव असणार हे गृहीत धरल्यामुळे ते एकमेकांच्या विरोधात वाटले.

तिसऱ्या फोटोत फक्त फूल आहे, पान कडेला कापलं गेलंय, आणि जे थोडं दिसतंय ते जाडसर वाटतंय पण उन्हाच्या चमकेमुळेही तसं दिसू शकतं. त्यावर मी काहीच म्हणणार नाही.

शक्य असेल तर त्या तिसऱ्या वेलीकडे परत जा आणि हे फोटो काढा: पूर्ण वेल लांबून, फुलणारी फांदी जुन्या लाकडापर्यंत मागे जाऊन, मधलं एक पूर्ण पान वरून आणि तेच खालून, पेर जवळून, फूल समोरून आणि पाठीमागून पट्टी ठेवून, आणि काळ्या कागदावर एक पुंकेसर. पानं मोजताना किमान तीन पेरांवरची मोजा. फुलं संपून गेली असतील तर काही बिघडत नाही, घोसातली दोन-तीन फळं पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा, शेपटी पूर्ण दिसेल अशी. जागा, महिना, साधारण उंची आणि वेल उघड्यावर होती का झाडीत हे सोबत लिहा. सध्याचं मान्य नाव आणि ती जात कुठल्या प्रदेशात सापडते हे लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, तिथे आधी आपल्या प्रदेशातल्या क्लेमॅटिसची यादी काढून ठेवलीत तर ३०० जातींऐवजी पाच-सहांतच निवड करायची राहते. फोटो इथेच खाली टाका, मी बघून सांगते.